रूथताईंनी शोधलेले वाढदिवस

दिल्लीत रांगेचा राग न येणारा मी एकच माणूस पाहिला, आणि तो म्हणजे रूथ साळवे. दुधाचा बूथ असो, सरकारी दवाखाना असो, नाहीतर हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर मंडळींची लागते ती नोव्हेंबरातली रांग असो, ताई अशा निवांत उभ्या असायच्या की जणू कोणी मुद्दाम बोलावून घेतलंय. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणारी, खिडकीपलीकडच्या बाबूला ऐकू जाईल असे टोमणे मारणारी. एकदा न राहवून विचारलं, "ताई, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही हो?"

"अगं, मी कामात असते."

काम काय, तर पुढे जो कोणी उभा असेल त्याच्यासाठी त्या प्रार्थना करायच्या. ओळख असो नसो. "मानेकडे बघायचं," त्या म्हणाल्या. "चेहरा माणूस घरून नीट करून आणतो. मान राहते तशीच. किती थकलाय ते तिथं कळतं."

"पण डोळे तर टक्क उघडे असतात तुमचे."

"मिटले तर मधे कोणीतरी घुसतं. ही दिल्ली आहे, सुनीता."

आमच्या मंत्रालयात त्या टपालाच्या सेक्शनला होत्या. बाहेरून आलेला प्रत्येक कागद त्यांच्या हातून आत जायचा आणि आतला प्रत्येक कागद त्यांच्या हातून बाहेर. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा नुकतीच पुण्याहून आलेली, अंगात भरपूर शहाणपणा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं एक पत्र परत केलं, कारण वरची तारीख आणि खालच्या सहीखालची तारीख यांत एका दिवसाचा फरक होता. "एका दिवसानं काय बिघडतं?" मी म्हटलं. "कागदाचं काही नाही बिघडत," त्या शांतपणे म्हणाल्या, "कागदातल्या माणसाचं बिघडतं." आख्खं मंत्रालय त्यांना तारखांची चेटकीण म्हणायचं, आणि हे त्यांना माहीत होतं.

त्या नगरकडच्या ख्रिस्ती. वडील मिशन शाळेत मास्तर. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. चरित्र म्हणून सांगण्यासारखं एवढंच, आणि तेही त्यांनी तीस वर्षांत हप्त्याहप्त्यानं सांगितलेलं. प्रार्थना मात्र त्या मोकळेपणी करायच्या, आणि ती ऐकणं हा एक सोहळा असायचा. ऑफिसची सवय तिथंही सुटलेली नव्हती. दुपारी डबा उघडण्याआधी ताई हळू आवाजात सुरू करायच्या, "बापा, विषय: चपराशी रामसरनच्या मुलीचं लग्न. संदर्भ: माझी परवाची प्रार्थना. उत्तर अजून आलेलं नाही." मी फिसकन हसायचे. त्या रागवायच्या नाहीत. "विषय लिहिल्याशिवाय अर्ज फिरत राहतो गं," म्हणायच्या, आणि डबा उघडायच्या.

एकतीस मेला त्या निवृत्त झाल्या. आमच्या ऑफिसातली बहुतेक मराठी माणसं एकतीस मेलाच निवृत्त होतात, त्यामुळे हार आणि शाली घाऊक आणाव्या लागत. पुढे त्यांनी दिल्लीच्या दक्षिण टोकाला छोटा फ्लॅट घेतला, आणि योगायोगानं वर्षभरातच मीही त्याच सोसायटीत, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेले.

फरीदाबादला त्यांची एक मावसबहीण होती. तिच्याकडे जाताना एकदा बस बॉर्डरवर बंद पडली. दिल्ली संपून हरियाणा सुरू होतो तिथं एक नाला आहे, आणि नाल्याच्या दोन्ही अंगांना प्लास्टिक आणि बांबूच्या झोपड्या. त्या दिवशी तिथं पाण्याचा टँकर आला होता आणि बायकांची रांग लागली होती. बाकीचे प्रवासी ड्रायव्हरला शिव्या घालत बसले. ताई उतरल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. हातात ना बादली ना कळशी. पुढे जी बाई होती तिच्या कडेवर तीन वर्षांची मुलगी होती. ताईंनी तिच्या मानेकडे पाहिलं, आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "सुनीता, अशी मान मी आजवर पाहिली नव्हती."

ती बाई हमीदा, आणि कडेवरची मुलगी सितारा. ती सगळी माणसं बर्माच्या समुद्रकाठच्या मुलखातून पळून आलेली, मुसलमान. पिढ्यानपिढ्या तिथं भात लावूनही तिथल्या सरकारनं त्यांना आपलं मानायचं नाकारलं होतं, आणि इथं त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. हमीदाचा नवरा वाटेतच बेपत्ता झाला होता. एखादा माणूस कुठल्याच देशाचा नसतो हे मला तोवर माहीत नव्हतं. केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म घालवून मला ते माहीत नव्हतं, याची आज लाज वाटते.

ताई मग दर गुरुवारी जाऊ लागल्या. सोबत तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं आणि मुलांना अक्षरं गिरवायला एक पाटी. प्रत्येक झोपडीच्या दाराशी विचारायच्या, "आपके लिए दुआ करूँ?" हो म्हटलं तर करायच्या, नाही म्हटलं तर गोळ्या देऊन पुढे. कोणाला कधी धर्म बदल म्हणाल्या नाहीत. आमच्या सोसायटीत कुजबुज झालीच, की साळवेबाई तिकडे बाटवाबाटवी करतात. चर्चमध्ये उलटीच तक्रार. तिथल्या एका कमिटीवाल्या भाऊंनी माझ्यासमोर त्यांना विचारलं, "इतकी वर्षं जाताय, किती आत्मे जिंकले?"

"ते काम माझ्याकडे नाही," ताई म्हणाल्या. "ते वरच्या सेक्शनकडे आहे. मी फक्त टपाल नेते."

एक दिवस नाल्यापलीकडच्या गावातली चार माणसं हातात काठ्या घेऊन वस्तीत आली. ही बाई इथं कशाला येते, बोला. ताई एका आजारी बाईच्या उशाशी बसल्या होत्या, त्या उठल्यासुद्धा नाहीत. वस्तीत नमाज पढवणारे म्हातारे कासिमचाचा पुढे झाले. "भाईसाब," ते म्हणाले, "ये औरत हर जुमेरात को आती है, दुआ करती है। बच्चे पूछते हैं, ये अपने ख़ुदा को नहीं भूलती, आप लोग क्यों भूलते हो? इसके चक्कर में हमारे यहाँ पाँचों वक़्त की नमाज़ पक्की हो गई।" काठ्या खाली आल्या. त्यातला एक तर हसला. मला हे ताईंनी नाही, हमीदानं सांगितलं.

आता त्या वाढदिवसांचं सांगते. वस्तीतली अकरा मुलं म्युनिसिपालिटीच्या शाळेत घालायची ठरली. ताईच त्यांना घेऊन गेल्या. हेडमास्तरीणबाईंनी फॉर्म भरायला घेतले, जन्मतारीख विचारली, आयांनी मान हलवली, आणि बाईंनी सवयीनं अकराही फॉर्मांवर एक जानेवारी ठोकून दिली. निर्वासितांच्या कचेरीनं दिलेल्या कार्डांवरही सगळ्यांची तीच तारीख होती. ताई त्या दिवशी घरी आल्या त्या जेवल्या नाहीत. मी समजूत काढायला गेले. "अहो, एक तारीख तर आहे. काहीतरी लिहावंच लागतं."

"अकरा लेकरं, आणि त्यांच्यातल्या एकालाही स्वतःचा दिवस नाही," त्या म्हणाल्या. "देवानं त्यांना काय लॉटमध्ये पाठवलं?"

दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी फॉर्म मागून आणले आणि एकेका आईपुढे बसल्या. बाळ झालं तेव्हा शेतात काय चाललं होतं? पाऊस होता? चंद्र कसा होता, कोर की अर्धा की भरलेला? कोणत्या वर्षी पूल वाहून गेला, त्याच्या आधी की नंतर? हमीदा म्हणाली, भात कापून झालं होतं, सिताराचे अब्बा पेंढा रचत होते, आणि संध्याकाळी नखाएवढा चंद्र होता, पटकन मावळला.

घरी येऊन ताईंनी ट्रंक उघडली. आपली भिंतीवरची मराठी कॅलेंडरं असतात ना, तिथी-नक्षत्रांची, ती लग्नापासूनची सगळी त्यांनी जपून ठेवली होती. पाठीमागं सिलेंडर कधी लावला, कोणाला पत्र टाकलं, अशा नोंदी. त्यातलं सिताराच्या वर्षाचं काढलं, चष्मा पुसला, आणि भाताच्या काढणीपासून बोट फिरवत फिरवत मार्गशीर्षातल्या शुद्ध तृतीयेवर ठेवलं. सात डिसेंबर.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही ख्रिस्ती, पोर मुसलमान, आणि पंचांग बघताय?"

"चंद्र काय तुमच्या एकट्यांचा आहे का गं?"

अशी त्यांनी पुढच्या काही वर्षांत एकेचाळीस मुलांना तारीख शोधून दिली. आणि तारीख दिली की जबाबदारी आली. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्यासाठी त्या एक उकडलेलं अंडं घेऊन जायच्या. केक तिथवर पोचत नाही, माशा बसतात. अंड्याला देवानंच झाकण दिलंय, असं त्यांचं म्हणणं. ते त्या मुलानं सगळ्यांसमोर, कोणाला न देता, एकट्यानं खायचं. मग ताई त्याच्या मागे उभ्या राहून, मानेकडे बघत, प्रार्थना करायच्या. "बापा, विषय: सितारा. हिचा आज दिवस आहे. तुझ्या लक्षात आहे ना?" मी दोनदा सोबत गेले होते. ज्या पोरांना वाटून खायचीच सवय, त्यांना आख्खं अंडं एकट्यानं खाताना किती जड जायचं ते मी पाहिलं. त्यांचे ते चेहरे मला आजही विसरता येत नाहीत.

पण बाई चुकली. तीस वर्षं दुसऱ्याच्या कागदावरची तारीख जुळवणारी बाई इथं चुकली. शाळेत नवी तारीख चढली, कार्डावर जुनीच राहिली, आणि हे दोन कागद कधीतरी समोरासमोर येतील हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

ते आले आगीमुळे. सितारा तेरा वर्षांची असताना एप्रिलात वस्तीला आग लागली. दिल्लीच्या अग्निशमनला फोन केला तर म्हणाले, नाल्याच्या कुठल्या बाजूला? हरियाणाला केला तर तेच. ताईंनी फोन हिसकावून घेतला आणि म्हणाल्या, "आग को बॉर्डर मालूम नहीं है, भैया।" गाड्या आल्या तोवर साठ झोपड्यांची राख झाली होती. माणसं वाचली. त्या संध्याकाळी ताई राखेत उभ्या होत्या आणि मी बाजूला. मला वाटलं, आता विषय आणि संदर्भ येईल.  ताई वर न बघताच म्हणाल्या, "आज मी काही लिहीत नाही. तू स्वतः बघितलंस." त्या आवाजात राग होता, आणि तितकीच ओळख होती. देवाशी असं बोलायला किती जवळचं असावं लागतं.

कार्डं जळाली. नवी काढायला शाळेचा दाखला जोडा म्हणाले. हमीदाचं कार्ड झालं, सिताराचं अडलं. कचेरीच्या जुन्या नोंदीत एक जानेवारी, दाखल्यावर सात डिसेंबर. ही तीच मुलगी कशावरून? चौकशी होईपर्यंत कार्ड नाही. आणि तेव्हाच पोलिसांची तपासणी सुरू झालेली. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याला उचलून बंद ठेवत होते. म्हणजे आई सुटणार आणि मुलगी जाणार. हमीदा रडली नाही. ती फक्त सिताराचं मनगट धरून बसायची. स्वयंपाक करतानाही एका हातानं.

ताईंना हे कळलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सुनीता, हे मी केलं."

"तुम्ही भल्यासाठीच केलंत."

"कागदातल्या माणसाचं बिघडतं," त्या म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात मला ऐकवलेलं तेच वाक्य, आता स्वतःला ऐकवलेलं.

मी त्यांना सुचवलं, शाळेकडून चूक दुरुस्त करून घेऊ. क्लार्कची लेखनाची चूक म्हणून. असं सर्रास होतं, मी स्वतः केलंय. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. "क्लार्कनं नाही लिहिली. मी लिहिली. दुसऱ्याच्या नावावर कशी ढकलू?"

नोव्हेंबरात एका सकाळी आम्ही चौघी त्या कचेरीबाहेर रांगेत उभ्या राहिलो. हमीदा, सितारा, ताई आणि मी. थंडी सुरू झाली होती. ताईंच्या काखेत प्लास्टिकच्या पिशवीत ते जुनं कॅलेंडर. पुढे एक म्हातारा अफगाण होता, ताई त्याच्या मानेकडे बघत होत्या. सितारानं मला हळूच सांगितलं, "दादी काम कर रही हैं।" म्हणजे तिलाही ते गुपित सांगितलेलं होतं.

आत अधिकारी तिशीतला, चेहऱ्यावर झोप. ताईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "सर, ये सात दिसंबर मैंने लिखवाई है। इन लोगों ने नहीं। ग़लती मेरी है।"

"आपको कैसे पता इसका जन्म कब हुआ?"

ताईंनी कॅलेंडर उघडून टेबलावर पसरलं. भात, पेंढा, नखाएवढा चंद्र, तृतीया. त्यानं हमीदाला वेगळं बोलावून दुभाष्यातर्फे विचारलं. तिनं तेच सांगितलं, पेंढ्यासकट.

"मैडम, ये प्रूफ़ तो नहीं है।"

"जी, नहीं है। पर झूठ भी नहीं है।"

"ऐसे और कितने बच्चे हैं?"

मी मनात म्हटलं, ताई, आता तरी गप्प बसा. एकीचं निभावून न्या. ताई म्हणाल्या, "इकतालीस। लिस्ट लाई हूँ।" आणि पिशवीतून कागद काढला. त्यानं डोक्याला हात लावला. मग एक कोरा कागद पुढे सरकवला. सगळं लेखी द्या, तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीख, पेन्शन कुठून मिळते ते. यावर उद्या कारवाई झाली तर ती तुमच्यावर होईल, हेही त्यानं सांगितलं. ताईंचं पेन जरासुद्धा अडखळलं नाही. सुंदर अक्षरात अर्धं पान लिहून, तारीख दोनदा तपासून, त्यांनी कागद परत दिला.

तो वाचता वाचता थांबला. "एक जून। ये आपकी असली डेट है?"

ताईंनी चष्मा काढून हातात धरला. आमच्याकडे पूर्वी मास्तर शाळेत नाव घालताना सरसकट एक जून लिहायचे. आमच्या पिढीतलं निम्मा महाराष्ट्र एक जूनचा, म्हणून तर त्या एकतीस मेच्या शाली. "नहीं सर," ताई म्हणाल्या. "मेरे पिताजी मास्टर थे। उन्होंने सबकी यही लिखी। मेरी भी। माँ मुझे जन्म देते ही चली गई थी। उस दिन का नाम पिताजी कभी लेते नहीं थे, पूछती भी किससे?"

तो अधिकारी खुर्चीत मागे टेकला. बाहेर कोणीतरी कुणाशी भांडत होतं. "मेरे पिताजी की एक जुलाई है," तो म्हणाला. "हमारे बिहार में जुलाई चलता है।" मग त्यानं कॅलेंडरवरच्या त्या तृतीयेकडे पुन्हा पाहिलं आणि दाखल्यावरच्या तारखेवर बरोबरची खूण केली.

तीन आठवड्यांनी सिताराचं कार्ड आलं. सात डिसेंबर. बाकीच्या चाळीस जणांची नोंदही पुढे तशीच बदलली. मी ताईंना म्हटलं, बघा, आलं ना उत्तर. त्या म्हणाल्या, "आता त्या अफगाणाचं काय झालं ते कळायला हवं."

मला खूप माणसं भेटली, हुशार, मोठी, देवभक्तही. पण खरं बोलताना आपला बचाव कुठं ठेवायचा हे ज्याला ठाऊकच नाही, असं माणूस दुसरं भेटलं नाही. त्या खोलीत मी त्यांच्याहून धर्मानं वेगळी, वयानं लहान, आणि काळजानं फारच लहान होते.

त्यानंतरच्या वर्षी ताईंचं हृदय थकत गेलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्या गेल्या. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या महिन्यातलं. सितारा त्या दिवशी कचेरीत सगळं ऐकत बसली होती. नंतर ती दर गुरुवारी बस बदलत ताईंकडे यायला लागली, आणि एकेक प्रश्न विचारू लागली. आप पैदा हुईं तो खेत में क्या था? ताई म्हणायच्या, सोड गं. पोरगी सोडेना. शेवटी आठवून आठवून त्या म्हणाल्या, आत्या सांगायची, शेतात हुरडा निघत होता. मग चाँद? "चंद्रच नव्हता म्हणे. सुईणीला आणायला कंदील लागला." साल पक्कं होतं, कारण त्याच वर्षी वडिलांना नोकरी लागली होती. इतकं जुनं कॅलेंडर काही ट्रंकेत नव्हतं. सितारानं शाळेतल्या बाईंच्या फोनवर शोधलं. पौष अमावास्या. अठरा जानेवारी.

"अमावास्या!" मी म्हटलं. "मला वाटलंच होतं, तारखांची चेटकीण." ताई इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली.

अठरा जानेवारीला हमीदा, सितारा आणि कासिमचाचा आले. सितारानं स्टीलचा डबा उघडला. फडक्यात गुंडाळलेलं एक उकडलेलं अंडं. तिनंच सोललं. ताईंना आम्ही उशीला टेकवून बसवलं. त्यांनी अर्धं तोडून सिताराला द्यायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "नहीं दादी। अकेले खाना है।"

ताईंनी ते खाल्लं. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, हळूहळू, आम्हा सगळ्यांच्या देखत, शेवटचा कणसुद्धा. मग सितारा पलंगाला वळसा घालून त्यांच्या मागे गेली. ताईंना कळलं. त्यांनी मान पुढे झुकवली. पांढरे केस बाजूला झाले आणि ती मान दिसली, बारीक, सुरकुतलेली, शिरा वर आलेल्या. सितारानं दोन्ही तळवे उघडले आणि डोळे उघडे ठेवून आपल्या भाषेत बोलायला लागली. मला त्यातलं फक्त रूथ एवढंच कळत होतं. हमीदा लेकीच्या मागे जाऊन उभी राहिली, तिच्यामागे कासिमचाचा.

मी दाराशी होते. आयुष्यभर रांगेत घड्याळ बघणारी मी पुढे झाले आणि चाचांच्या मागे जाऊन उभी राहिले.